टीव्हीवरचं राजकीय व्यंग बातमीचं काम करतं का?

कोकणात पुढाऱ्याची टिंगल करायला टीव्ही कधीच लागला नाही. शिमग्यातली बोंब, पारावरच्या गजाली, दशावतारातला संकासुर, ही सगळी त्यासाठीच मोकळी ठेवलेली जागा. सिंधुदुर्गातल्या जत्रेत मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर खेळ उभा राहतो. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर येतो: काळा पोशाख, काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. कथेत तो ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा राक्षस असतो, पण बोलतो मात्र गावच्या मालवणीत. दशावताराला छापील संहिता नसते, नट संवाद जागेवर रचतात. त्यामुळे वेद चोरता चोरता त्या गावची रखडलेली नळयोजनाही त्याच्या तोंडी येऊ शकते. समोर पहिल्या रांगेत सरपंच बसलेले असतात आणि त्यांनाही हसावं लागतं.

मग हेच टीव्हीवर झालं की लोक पत्रकारितेचं नाव का काढतात? संकासुराला कोणी पत्रकार म्हणत नाही.

फरक पुराव्याचा आहे. संकासुर बोलतो ते गावाला आधीच ठाऊक असतं. तो फक्त ते मोठ्याने बोलतो. टीव्हीकडे जुनी चित्रफीत असते. मंत्री 2014 साली काय म्हणाले आणि 2024 साली काय म्हणतात, हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात एकापाठोपाठ एक दाखवता येतं. ज्या क्षणी विनोदाच्या पोटात तपासता येण्यासारखा पुरावा येतो, त्या क्षणी तो बातमीच्या हद्दीत शिरतो. टीव्हीवरचं राजकीय व्यंग समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट धरून ठेवली तरी बरंच उलगडतं.

ही पद्धत रुजायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1962 साली शनिवारी रात्री आठवड्याच्या राजकारणावरचा थेट कार्यक्रम सुरू केला, ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’. तो गाजला, पण 1964 हे निवडणुकीचं वर्ष असल्याचं कारण देऊन 1963 च्या अखेरीस बंद करण्यात आला. पुढे 1984 साली ‘स्पिटिंग इमेज’ने पुढाऱ्यांचे रबरी बाहुले केले, आणि फ्रान्समध्ये 1988 पासून तीस वर्षं बाहुलेच बातम्या देत होते. आपल्याकडे दूरदर्शनवर 1989 साली जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ आला. सरकारी वाहिनीवर सरकारी कचेरीची, ठेकेदारांची आणि खोट्या मेडिकल बिलांची टर उडवली जात होती, आणि घराघरांत लोक ती बघत होते. पुढे हिंदी वृत्तवाहिनीवर ‘गुस्ताखी माफ’मधले बाहुले आले. हे सगळं गमतीचं होतं, धारदारही होतं, पण त्यात जुन्या चित्रफितींचा पुरावा फारसा नव्हता.

तो आणला अमेरिकेतल्या ‘द डेली शो’ने. कार्यक्रम 1996 चा, पण 1999 साली जॉन स्टुअर्ट सूत्रधार झाले आणि त्याचा रोख बदलला. त्यांची माणसं दिवसभर वृत्तवाहिन्या रेकॉर्ड करून तपासत बसत. कोणता नेता काय बोलला, तोच पूर्वी काय बोलला होता, आणि महत्त्वाचं म्हणजे वाहिन्यांच्या निवेदकांनी त्याला ते विचारलं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात बोचरा. त्यांच्या विनोदाचं खरं लक्ष्य नेत्याइतकाच त्याला मोकळा सोडणारा पत्रकारही होता.

ऑक्टोबर 2004 मध्ये स्टुअर्ट सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ या चर्चेच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले. एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा सूत्रधार रोज भांडणार, असा तो कार्यक्रम. स्टुअर्टनी विनोद करायचं नाकारलं आणि तोंडावर सांगितलं की तुम्ही चर्चेचं नाटक करता आणि त्याने देशाचं नुकसान होतं. जानेवारी 2005 मध्ये सीएनएनने तो कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या मराठी वाहिन्यांवर संध्याकाळी सहा चौकोनांत सहा जण एकाच वेळी ओरडतात, तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. तासभर बघून प्रेक्षकाला नवी माहिती एकही मिळत नाही.

स्टुअर्टवर टीका झाली की ते म्हणत, मी विनोदी नट आहे, पत्रकार नव्हे. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लाखो तरुण तुमच्याकडून राजकारण शिकत असतील, तर चुकीची माहिती गेल्यावर ‘गंमत होती’ म्हणून सुटता येणार नाही. विनोदाची सूट शैलीला मिळावी, तथ्याला नाही.

आता सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण. 2010 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणुकीत अमर्याद पैसा ओतू शकणाऱ्या ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या उगवल्या. अट एकच, समितीने उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. विषय इतका रुक्ष की बातमी दिली तरी कोणी वाचत नव्हतं. स्टीफन कोल्बेअर या विनोदवीराने 2011 मध्ये आपल्या कार्यक्रमातून खरोखरची सुपर पॅक काढली. निवडणूक आयोगाकडे रीतसर गेला, परवानगी घेतली, लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. आयोगाचे माजी अध्यक्ष राहिलेले वकील त्याच्या शेजारी बसून प्रत्येक कागद समजावत. मग जानेवारी 2012 मध्ये त्याने निवडणुकीत उतरण्याची तयारी करत असल्याचं जाहीर केलं. उमेदवाराला सुपर पॅक चालवता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यासमोर, एका सहीनिशी, ती समिती मित्राच्या म्हणजे जॉन स्टुअर्टच्या ताब्यात दिली. संगनमत नाही, सगळं कायदेशीर! ‘स्वतंत्र समिती’ हा शब्द किती पोकळ आहे ते प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अॅननबर्ग केंद्रातल्या संशोधकांनी पुढे तपासलं, तेव्हा 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की निवडणुकीच्या पैशाबद्दलचं ज्ञान इतर बातम्यांच्या तुलनेत या कार्यक्रमाने अधिक वाढवलं. कारण उघड आहे. बातमीने नियम सांगितला होता. कोल्बेअरने तो वापरून दाखवला, तोही महिनोन् महिने, तुकड्यातुकड्याने. आपल्याकडे 2018 ते फेब्रुवारी 2024 या काळात निवडणूक रोखे होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. देणारा कोण, घेणारा कोण, लपवायचं कसं, हा विषय अशा हाताळणीसाठी अगदी तयार होता.

दुसरं उदाहरण भारतापर्यंत पोचलेलं. अमेरिकेतल्या टीव्हीवरचा विनोदवीर जॉन ऑलिव्हर याने 2014 च्या जूनमध्ये इंटरनेट सगळ्यांना समान वेगाने मिळावं या तांत्रिक वादावर मोठा भाग केला आणि शेवटी प्रेक्षकांना सरकारी आयोगाकडे आपलं म्हणणं पाठवायला सांगितलं. इतका पाऊस पडला की आयोगाची यंत्रणा कोलमडली. 2015 च्या मार्चअखेरीस आपल्याकडे ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, याच विषयावर सूचना मागवल्या होत्या. एआयबी या विनोदी मंडळींनी त्याच धर्तीवर व्हिडिओ केला आणि ‘ट्राय’कडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘ट्राय’ने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. श्रेय एकट्या व्हिडिओचं नाही, अनेक कार्यकर्ते त्यामागे होते. पण सरकारी भाषेतला शंभरेक पानांचा मसुदा कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचवला तो त्या विनोदाने.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं, ते आपल्याच रस्त्यावर करून बघू.

विषय मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. समजा मालवण किंवा चिपळूणमधल्या तिघाचौघांना त्यावर दहा मिनिटांचा भाग करायचा आहे. खड्ड्यात पडलेल्या माणसाची नक्कल करणं सोपं आहे आणि त्याला हशाही मिळेल, पण त्यातून कोणाला काही कळणार नाही. पहिलं काम म्हणजे तारखा. दर वर्षी गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरा होतो आणि रस्ता कधी पुरा होणार याची नवी तारीख मिळते. ते प्रत्येक विधान शोधायचं, बोलणाऱ्याचं नाव, दिवस आणि मूळ चित्रफीत यांसह. सगळ्या पक्षांची, कारण या काळात सरकारं बदलली आणि तारखा देणं मात्र चालू राहिलं. एकाच पक्षाच्या तारखा लावल्या तर तो प्रचार झाला.

दुसरं काम म्हणजे कारणं. इथे बहुतेक विनोदी कार्यक्रम कच खातात. पनवेल ते रायगडातलं इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. पुढच्या रस्त्याचे परत तुकडे, प्रत्येक तुकड्याला वेगळा ठेकेदार. कुठे भूसंपादन अडलं, कुठे ठेकेदाराचे पैसे संपले. म्हणजे तुमच्या गावासमोरच्या खड्ड्याचा मालक कोण, हेच प्रवाशाला कळत नाही. हा गोंधळ दाखवणं हाच खरा विनोद, आणि तीच खरी बातमी. 16 ऑक्टोबर 2023 रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उभारणी चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. तो भाग लोकांना दाखवताना तुकड्याचं नाव आणि ठेकेदाराचं नाव पडद्यावर आलंच पाहिजे.

मग शेवटी आपलं हक्काचं रूप वापरता येईल. गाऱ्हाणं.

‘बा देवा म्हाराजा, ज्यांनी ज्यांनी ह्या रस्त्याची तारीख दिली हा, तेंका चवथीक ह्याच रस्त्यान गावाक येवची बुद्धी दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ला पडद्यावर एक खरी तारीख आणि खरं नाव. मला हे बाहेरून आणलेल्या स्टुडिओतल्या नकलेपेक्षा कितीतरी जोरकस वाटतं, कारण देवापुढे नाव घेऊन तक्रार मांडायची रीत आपल्याला माहीत आहे.

लक्ष्य नेमकं कोण, हेही आधी ठरवावं लागतं. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झाला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, मध्ये नऊ महिनेही गेले नाहीत. त्या दिवसांत इथल्या माणसांच्या मनात संताप होता, हसू नव्हतं. तरीही व्यंगाला त्यात जागा होती, पण फक्त एका दिशेने: काम कोणाला दिलं, कोणत्या अनुभवावर दिलं, तपासणी कोणी केली. पुतळ्यावर किंवा रडणाऱ्या माणसांवर एकही शब्द गेला असता तर तो अपराध ठरला असता. खाली पडलेल्यावर मारलेला टोमणा आणि खुर्चीवरच्याला विचारलेला प्रश्न, दोन्हींना हशा मिळतो. पत्रकारितेच्या जवळ जातो तो दुसराच.

या कसोटीवर मराठी विनोदी कार्यक्रमांचा मोठा भाग नापास होतो, असं मला मनापासून वाटतं. मालवणी बोललं की हशा, पुरुषाने साडी नेसली की हशा, जाड माणूस दिसला की हशा. मालवणी ही लाखो लोकांची घरची भाषा आहे. गडी, वॉचमन किंवा बावळट नातेवाईक दाखवायला तिचा वापर होतो, आणि मंत्री मात्र पाहुणा म्हणून खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. अशा कार्यक्रमाचा सत्तेला त्रास नाही. उलट सोय आहे.

व्यंगाचे तोटेही खरे आहेत. बॉमगार्टनर आणि मॉरिस या संशोधकांनी 2006 साली तरुणांना ‘द डेली शो’मधले तुकडे दाखवून पाहिले. त्यांचा उमेदवारांवरचा, निवडणुकीवरचा आणि माध्यमांवरचा विश्वास घटला. त्याच वेळी ‘आपल्याला राजकारण कळतं’ हा आत्मविश्वास मात्र वाढला. ही जोडगोळी काळजीची आहे. ‘सगळे चोर’ असं एकदा मनात बसलं की मतदानाच्या दिवशी माणूस घरी बसतो, आणि चोराला तेच हवं असतं. 2009 साली आणखी एक अभ्यास आला. कोल्बेअर पडद्यावर कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घ्यायचा. उजव्या विचाराच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना वाटत होतं की तो विनोदाचा केवळ आव आणतो आणि मनातून तेच मानतो. म्हणजे व्यंग आधीच पटलेल्याला आणखी पटवतं. विरोधकाचं मत बदलण्याची खात्री देत नाही.

आता त्यात मोबाईलवरचे तुकडे आले. वीस सेकंदांच्या व्हिडिओत नेत्याचं वाक्य अर्ध्यावर तोडलेलं असतं. पुढे तो ‘असं विरोधक म्हणतात’ असं म्हणाला होता, ते कापलेलं. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या व्हिडिओत तर वाक्यच त्याचं नसतं. इथे मला जुन्या सोंगांची शिस्त मोलाची वाटते. काळा मुखवटा आणि लाल जीभ बघून हा खरा राक्षस आहे असं पोरगंही समजत नाही. रबरी बाहुल्याला कोणी पंतप्रधान समजत नाही. सोंग हे सोंग म्हणून दिसलं पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली एका धर्मगुरूच्या विडंबनाच्या खटल्यात जवळपास हाच धागा धरला होता: समजूतदार वाचक ज्याला खरी घटना मानणार नाही, असं विडंबन सार्वजनिक व्यक्तीला मनस्ताप झाला म्हणून शिक्षेला पात्र ठरत नाही. खऱ्यासारखा दिसणारा खोटा व्हिडिओ या संरक्षणात बसत नाही, आणि बसूही नये.

भारतातल्या टीव्हीवर असं व्यंग कमी का, याचं उत्तर बरंचसं नियमांत आणि पैशांत आहे. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमावलीतला सहावा नियम सांगतो की कार्यक्रमात बदनामीकारक मजकूर, सूचक टोमणे, अर्धसत्यं नकोत आणि कोणा व्यक्तीवर वैयक्तिक टीकाही नको. सूचक टोमणा वगळला तर व्यंगात उरतं काय? नियम इतका ढोबळ की कोणालाही नोटीस काढता येते. फौजदारी बदनामीचं कलम अजून आहे, भारतीय न्याय संहितेत 356 वं, दोन वर्षांपर्यंत कैद. वाहिनीचा परवाना सरकारकडून आणि जाहिरातींचा मोठा वाटाही सरकारकडून. मग मालक आधीच हात आखडतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ऑलिव्हरने भारताच्या पंतप्रधानांवर केलेला भाग इथल्या हॉटस्टारवर दिसलाच नाही.

न्यायालयांनी मात्र काही वेळा बाजू घेतली आहे. एका बंगाली राजकीय उपहासपटाचं प्रदर्शन पडद्यामागून थांबवलं गेलं, तेव्हा 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला 20 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा कोणता मजकूर ‘खोटा’ आहे ते सरकारचाच कक्ष ठरवणार, असा नियम 2023 मध्ये आला होता. त्याला कुणाल कामरा या विनोदवीराने आव्हान दिलं. दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, तिसऱ्यांनी सप्टेंबर 2024 मध्ये नियमाविरुद्ध कौल दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात तो रद्द झाला.

पण कायदा मोकळा झाला तरी कोकणात एक अडचण उरते, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. व्यंगाला लागणारा पुरावा कोणीतरी आधी गोळा करावा लागतो. न्यूयॉर्कच्या विनोदवीराला शेकडो वार्ताहरांचं काम आयतं मिळतं. आपल्याकडे ते काम तालुक्याचा बातमीदार करतो. बहुतेकदा त्याला पगार नाही, बातमीमागे थोडे पैसे किंवा जाहिरातीचं कमिशन, आणि रात्री त्याच पुढाऱ्याच्या गावातून मोटारसायकलने घरी जायचं. मराठी पत्रकारितेची सुरुवात 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ने झाली, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्याच किनाऱ्यावर 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी धडक बसली त्याच दिवशी छापून आली होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला.

अशी बातमी लिहिणाराच उरला नाही, तर विनोदवीर कशावर बोलणार? मग तो वळतो जाड माणसाकडे आणि मालवणी बोलणाऱ्या गड्याकडे. म्हणून चांगलं व्यंग हवं असेल तर आधी तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन, त्याचं संरक्षण आणि त्याच्या वर्तमानपत्राची वर्गणी यांच्याबद्दल बोलावं लागेल. ज्याची बातमी उचलली त्याचं नाव पडद्यावर घेणं, एवढं तर प्रत्येक विनोदी कार्यक्रमाला आजही जमण्यासारखं आहे.

आणि ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांना महामार्गाचा तो भाग करायला मोठी वाहिनी लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात मोघम ‘रस्ता कधी होणार’ असं विचारू नये. तुमच्या गावासमोरचा तुकडा कोणत्या ठेकेदाराकडे, करारातली मूळ मुदत कोणती, आजवर किती वेळा आणि कोणत्या कारणाने मुदतवाढ दिली, दंड आकारला का आणि किती, असे नेमके प्रश्न विचारावेत. पनवेल ते इंदापूर असेल तर अर्ज महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचं असेल तर सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचंच काम आहे. उत्तर आलं की मुदतवाढीची प्रत्येक तारीख गाऱ्हाण्याच्या एकेका ओळीसमोर लिहून काढायची आणि चवथीच्या आधी चित्रीकरण उरकायचं.